तीन पिंडांचा प्रश्न

माझी पुतणी पुण्यात भौतिकशास्त्राचे संशोधन करते. गेल्या वर्षी भाद्रपदात ती चार दिवस नाशिकला आली होती. संध्याकाळी चहा घेताना मी सहज विचारले, ‘‘तुझा विषय नेमका काय गं?’’

‘‘काका, थोड्या पिंडांचे आणि पुष्कळ पिंडांचे प्रश्न. म्हणजे बघा, दोन पिंडांचं गणित सुटतं. तीन झाले की अडतं.’’

आतून आमच्या हिचा आवाज आला, ‘‘अगं, मग गंगेवर जा की! तिथले गुरुजी तीन पिंडांचं अर्ध्या तासात आटोपतात.’’

आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. पितृपक्ष चालू होता आणि रामकुंडावर पाय ठेवायला जागा नव्हती. वडील, आजोबा, पणजोबा असे तीन पिंड. आपल्या भाषेत भाताच्या गोळ्यालाही पिंड म्हणतात, माणसाच्या देहालाही आणि आकाशातल्या ग्रहालाही. आम्ही सगळे हसलो. मी जरा कमीच हसलो. कारण आमच्या घरात तीन पिंडांचा प्रश्न गेली दहा वर्षे खरोखरच अडलेला होता.

रविवार कारंज्याजवळ आमचा जुना वाडा आहे. आम्ही तिघे भाऊ. दादाला वाडा आहे तसा राखायचा आहे. धाकट्याला तो बिल्डरला देऊन मोकळे व्हायचे आहे. मी मधला. पुढचा भाग राखावा, मागचा द्यावा, असे माझे मत. आई 2012 साली गेली. दोन वर्षांनी आमची पहिली बैठक झाली आणि 2015 च्या सिंहस्थानंतर बैठकाही थांबल्या. अविभक्त भावांचे श्राद्ध एकच, ते थोरल्याने करावे, असे शास्त्र सांगते. आम्ही सातबाऱ्यापुरते आणि घरपट्टीपुरते अविभक्त. वडिलांचे श्राद्ध मात्र तीन घरांत तीनदा होत होते. ही पुतणी धाकट्याची मुलगी. ती आमच्याकडे उतरते हे तिच्या वडिलांना ठाऊक असते, पण ते विचारत नाहीत आणि ती सांगत नाही.

असे हे घर. त्या घरात बसून त्या मुलीने मला चार संध्याकाळी जे समजावले, ते माझ्या कुवतीप्रमाणे वाचकांपुढे ठेवतो आहे. मी भौतिकशास्त्रज्ञ नाही. बँकेत पस्तीस वर्षे काढली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. पण या दोन्ही धंद्यांत एक गोष्ट कळते. दोघांचे भांडण कुठे जाऊन थांबेल याचा अंदाज बांधता येतो. भागीदारीच्या खात्यावर तिसरी सही आली, किंवा कादंबरीत तिसरे माणूस शिरले, की लिहिणाऱ्यालाही पुढचे पान ठाऊक नसते.

नाशिकला सिंहस्थ भरतो तो गुरू सिंह राशीत आला की. गुरूची सूर्याभोवतीची फेरी सुमारे 11.86 वर्षांची. सूर्य आणि गुरू एवढे दोघेच विश्वात असते, तर हा हिशेब कायमचा चोख राहिला असता. न्यूटनने 1687 साली ‘प्रिन्सिपिया’ प्रसिद्ध केले आणि दोन पिंडांचा प्रश्न पुरता सोडवून दाखवला. पण शेजारी शनी आहे. गुरू आणि शनी एकमेकांना ओढत असतात. त्यामुळे दोघांच्या गतीत शेकडो वर्षे चालणारी एक संथ तूटफूट पडते. ती कुठून येते हे 1785 च्या सुमारास लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने उलगडले, तेही पायरीपायरीने अंदाज सुधारत. अचूक सूत्र त्यालाही मिळाले नाही.

कितीही पिंडांचे असे सूत्र शोधणाऱ्यासाठी पुढे स्वीडनच्या राजाने बक्षीस लावले. 1889 साली ते पॉंकारे यांना मिळाले. छपाई झाल्यावर लक्षात आले की लेखात मोठी चूक आहे. छापलेल्या प्रती मागे घ्याव्या लागल्या, त्या छपाईचा खर्च पॉंकारे यांनी स्वतः भरला आणि दुरुस्त लेख पुन्हा छापला गेला. बक्षीस 2,500 क्रोनरचे, छपाईचा खर्च 3,500 हून अधिक. बँकवाल्याच्या नजरेने पाहिले तर हा तोट्याचा व्यवहार. पण त्या चुकीच्या दुरुस्तीतूनच जगाला कळले की तिघांची चाल इतकी गुंतागुंतीची होऊ शकते की सुरुवातीच्या केसभर फरकाने शेवट पार बदलून जावा. आज ज्याला ‘केऑस’ म्हणतात त्याचा उगम तिथे आहे.

‘‘हे झालं आकाशातलं,’’ पुतणी म्हणाली. ‘‘अणूत गेलात की कथा आणखी बिकट.’’

हायड्रोजनच्या अणूत एक केंद्र आणि एक इलेक्ट्रॉन, म्हणजे पिंड दोन. श्रोडिंजर यांनी 1926 साली तो अचूक सोडवला. त्याच्या पुढचा हेलियम. एक केंद्र आणि दोन इलेक्ट्रॉन. झाले तीन! त्याचे अचूक सूत्र मिळेना. 1929 साली हिलेरास यांनी प्रयोगाशी उत्तम जुळणारे उत्तर काढले, पण तेही उत्तराच्या जवळ जवळ सरकत. आणि निसर्ग तर तिघांवर थांबत नाही. चिमूटभर मिठातल्या अणूंची संख्या लिहायची तर एकावर वीसहून अधिक शून्ये द्यावी लागतील.

अडचण नुसत्या संख्येची नाही, तिने मला हिशेब करून दाखवला. इलेक्ट्रॉन म्हणजे एक चिमुकला लोहचुंबक समजा. तोंड वर किंवा तोंड खाली. असे दहा चुंबक असतील तर त्यांची पूर्ण अवस्था लिहायला क्वांटमच्या नियमाप्रमाणे 1,024 आकडे लागतात. वीस असतील तर दहा लाखांहून जास्त. चाळीस असतील तर एक लाख कोटींच्या वर. तीनशे चुंबकांसाठी लागणारे आकडे लिहायचे म्हटले, तर दिसणाऱ्या सगळ्या विश्वात जेवढे अणू आहेत तेवढे कागद पुरणार नाहीत. चक्रवाढ व्याजाने भलेभले बुडालेले मी पाहिले आहेत, पण असे व्याज मीही कधी पाहिले नव्हते.

शिवाय पुष्कळ जण एकत्र आले की त्यांच्यात एकेकट्यात नसलेला गुण येतो. मी एका तालुक्याच्या गावी असताना तिथल्या एका पतसंस्थेबद्दल अफवा उठली. सकाळी चार माणसे पैसे काढायला आली, दुपारपर्यंत चारशे. त्यातल्या प्रत्येकाला मी ओळखत होतो. एकटा भेटला असता तर त्यातला प्रत्येकजण शहाण्यासारखा बोलला असता. त्या दिवशीची रांग मात्र त्यांच्यापैकी कोणाचीच नव्हती, ती स्वतःच एक प्राणी झाली होती. फिलिप अँडरसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1972 साली एका प्रसिद्ध निबंधात हीच गोष्ट अणूंबद्दल मांडली. संख्या वाढली की प्रकार बदलतो. एका पाण्याच्या रेणूला ओला म्हणता येत नाही आणि एक अणू काही लोखंड नव्हे.

दुसऱ्या संध्याकाळी पुतणीने वहीत एक त्रिकोण काढला. तीन कोपऱ्यांत तीन चुंबक. अट एवढीच की प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचे आहे.

‘‘पहिला वर. दुसरा खाली. आता तिसऱ्याने काय करायचं, काका?’’

मी पेन्सिल घेतली. तिसऱ्याला वर केले तर पहिल्याशी बिघडते, खाली केले तर दुसऱ्याशी. मी पहिल्या दोघांना फिरवून पाहिले. कसेही करा, तीन नात्यांपैकी एक नाते बिघडलेलेच राहते. असा त्रिकोणांचा जाळीदार पट्टा 1950 साली वानिये यांनी अभ्यासला होता. 1977 पासून तुलूझ या फ्रेंच शास्त्रज्ञामुळे या अवस्थेला ‘फ्रस्ट्रेशन’ हे नाव रूढ झाले. आपल्याकडे त्याला फार चांगला शब्द आहे. कुचंबणा.

‘‘यात चूक कोणाची?’’ मी विचारले.

‘‘कोणाचीच नाही. तिघांचंही मागणं सारखंच आहे. चूक असली तर त्रिकोणाची.’’

मी वही तिच्याकडे परत दिली. दहा वर्षे मी रात्री पडल्या पडल्या एकच हिशेब करत होतो, की आमच्यातला खलनायक कोण. कधी दादा निघे, कधी धाकटा. फार प्रामाणिक रात्र असली तर मी. दादाच्या बाजूने बोललो की धाकटा फोन ठेवी, धाकट्याचे थोडे पटले म्हटले की दादा देवघरात जाऊन बसे. कादंबरीकाराला खलनायकाशिवाय चैन पडत नाही. पण त्या वहीत तीन सारखे चुंबक होते आणि एकही खलनायक नव्हता.

तिघांची दुसरी बाजूही तिने सांगितली, नाहीतर माझा गैरसमज झाला असता की तीन हा आकडाच वाईट. 1970 साली एफिमॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने गणिताने दाखवले की असे कण असू शकतात, ज्यांतले कोणतेही दोन एकत्र टिकत नाहीत, पण तीन आले की टिकतात. त्यातला एक काढून घ्या, उरलेले दोघे आपापल्या वाटेने जातात. वर्षानुवर्षे अनेकांना हे खरे वाटत नव्हते. 2006 साली ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक इथे, अतिशय थंड केलेल्या सीझियमच्या अणूंत त्याची खूण सापडली. लिथियमच्या एका दुर्मिळ अणुकेंद्रातही साधारण असेच आहे. एक गाभा आणि दोन न्यूट्रॉन. कोणतेही दोन एकत्र राहत नाहीत, तिघे मात्र क्षणभर का होईना, संसार करतात.

आई असताना आमचे तसेच होते. दादा आणि मी दोघेच खोलीत असलो की पाच मिनिटांत वाद. धाकटा आणि मी असलो की दहा मिनिटांत. आई नुसती येऊन उंबऱ्यावर लसूण सोलत बसली की तिन्हीसांजेपर्यंत गप्पा. ती मध्यस्थी करत नसे. बोलतही नसे फारशी. ती तिसरी होती, एवढेच.

या शास्त्राची एक मोठी गोष्ट आपल्या मुंबईत घडलेली आहे आणि ती आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. होमी भाभांनी 1945 साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली. कुलाब्याला समुद्राकाठी आज तिची इमारत उभी आहे. स्वतः भाभांचे नाव ज्या कामामुळे भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत गेले, ते 1936 सालचे, केंब्रिजमधले. इलेक्ट्रॉन आणि त्याचा उलट जुळा पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले तर काय होते? ते नुसते उडू शकतात, किंवा दोघेही नाहीसे होऊन त्या ठिकाणी नवी जोडी जन्माला येऊ शकते. यातले काय घडले हे वेगळे काढून सांगता येत नाही, दोन्ही शक्यता एकाच हिशेबात धराव्या लागतात. याला आजही ‘भाभा विकिरण’ म्हणतात. क्षेत्रसिद्धान्त नावाच्या शास्त्रात पिंड किती, हाच आकडा पक्का नसतो. कण येतात, जातात, रिकामी जागाही पुरती रिकामी नसते. संसारी वाचकाला यात नवल वाटू नये. घरातल्या माणसांची संख्या तरी कुठे पक्की असते? सून येते, मुलगी जाते, पाळणा हलतो आणि एक खाट रिकामी होते.

याच कुलाब्याच्या संस्थेत 1969 साली चंचल मजुमदार आणि दीपन घोष या दोन शास्त्रज्ञांनी पुष्कळ पिंडांचा एक प्रश्न अचूक सोडवला. त्याच वर्षी जुलैत माणूस चंद्रावर उतरला. आम्ही मुले रेडिओला कान लावून बसलो होतो. कुलाब्याची बातमी कोणाच्याच कानावर आली नाही.

प्रश्न असा. चुंबकांची एक लांब रांग आहे. प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचे आहे. नुसती एवढीच अट असती तर तो प्रश्न बेथे या जर्मन शास्त्रज्ञाने 1931 सालीच सोडवला होता. इथे अट आणखी एक आहे. प्रत्येकाला एकाआडच्या चुंबकाच्याही उलट तोंड करायचे आहे. दोन्ही इच्छा एकदम पुऱ्या होणे शक्य नाही. सगळ्या रांगेची कुचंबणा!

मजुमदार आणि घोष यांना दिसले की एकाआडच्याचा विरोध शेजाऱ्याच्या विरोधाच्या बरोबर निम्मा असेल, तर उत्तर फार सुंदर निघते. चुंबक जोड्या करतात. पहिला आणि दुसरा, तिसरा आणि चौथा, पाचवा आणि सहावा. जोडीतला कोणता वर आणि कोणता खाली हे ठरलेले नसते. दोघांची बेरीज शून्य, एवढेच पक्के. आणि ही जोडी बाकी कोणाशी भांडायला जात नाही.

हे बरोबर कशावरून? पुढे रूढ झालेला हिशेब पुतणीने मांडला, तेव्हा माझ्यातला बँकवाला ताठ बसला. शेजाऱ्याच्या विरोधाचा भाव एक रुपया धरा आणि एकाआडच्याचा आठ आणे. आता रांगेचे तिघातिघांचे गट पाडा. 1-2-3, मग 2-3-4, मग 3-4-5. प्रत्येक गटात तीन नाती, प्रत्येक नात्याला आठ आणे. दोन आणि तीन हे शेजारी दोन गटांत येतात, म्हणून त्यांचे आठ आणे दोनदा, झाला रुपया. एक आणि तीन हे एकाच गटात येतात, म्हणून त्यांचे आठ आणेच. खाते टॅली! म्हणजे ती लांबलचक रांग सारख्या त्रिकोणांनीच बनलेली आहे.

आता एका त्रिकोणाचे जास्तीत जास्त भले कशात? तिघांनाही खूश करता येत नाही, हे आपण पाहिले. जास्तीत जास्त एवढेच होऊ शकते की त्यातल्या दोघांची पक्की जोडी जमावी आणि तिसऱ्याशी दोघांनीही वैर धरू नये. रांगेतल्या जोड्या पाहा. कोणतेही सलग तिघे घ्या, त्यात एक पुरी जोडी सापडतेच. आणि तो तिसरा? तो एकटा पडलेला नसतो. तो पलीकडच्याबरोबर दुसऱ्या जोडीत असतो. प्रत्येक त्रिकोणाला मिळण्यासारखे सगळे मिळाले, म्हणून सगळ्या रांगेलाही मिळाले. जिथे कोट्यवधी आकडे लागायचे, तिथे तिघांचा हिशेब पुरला.

ही सोय सगळीकडे नाही, हेही तिने बजावले. आठ आण्यांचे सहा आणे केलेत की असे अचूक उत्तर हाती येत नाही. पण अशी एक जागा सापडली की आजूबाजूचा मुलूख कळू लागतो. याच टाटा संस्थेत पीएच.डी. केलेले श्रीराम शास्त्री आणि अमेरिकेतले बिल सदरलँड यांनी 1981 साली रांगेऐवजी पृष्ठभागावर अशाच जोड्यांचे गणित मांडले. तेव्हा ते निव्वळ कागदावर होते. 1999 साली जपानी शास्त्रज्ञांना आढळले की स्ट्रॉन्शियम, तांबे, बोरॉन आणि ऑक्सिजन यांच्या एका स्फटिकात नेमकी तशीच रचना आहे. निसर्गाने ती आधीच करून ठेवलेली होती.

चुंबकांची संख्या विषम असली तर एकजण जोडीवाचून उरतो, हेही तिने जाता जाता सांगितले. तो एका जागी थांबत नाही. जोड्या सरकवत सरकवत रांगभर हिंडत राहतो. मी म्हटले, ‘‘तो मधला भाऊ असणार.’’ ती हसली, पण नाही म्हणाली नाही.

ती गेल्यावर मी कपाटातून वाड्याची फाइल काढली. तिच्यात एक कागद होता, तो मी आजवर कोणाला दाखवलेला नाही. दहा वर्षे वाड्याची घरपट्टी मी भरत आलो. 2018 साली धाकट्याला त्याच्या हिश्शाचा हिशेब पाठवला, तो बँकेच्या दराने व्याज लावून. मला तो चोखपणा वाटला होता. त्याचा राग बिल्डरचा नव्हता की वाड्याचा नव्हता. तो त्या रकान्याचा होता, आणि हे मला तेव्हाही ठाऊक होते. तिघांची सही एकदम व्हावी म्हणून मी एक तप घालवले होते. दोघांचे काय आहे ते आधी मिटवावे, हे सुचले नव्हते, किंवा सुचू दिले नव्हते.

मी व्याजाचा रकाना खोडला आणि तो कागद तसाच, खोडलेला, त्याला पोस्टाने पाठवला. सोबत चार ओळी लिहिल्या. वाड्याबद्दल एक अक्षर लिहिले नाही. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. आम्ही बराच वेळ पावसाबद्दल बोललो.

यंदा वडिलांच्या तिथीला तो पहाटेच्या गाडीने नाशिकला आला. आम्ही दोघे गंगेवर गेलो. दादाला मी आदल्या दिवशी एवढेच सांगितले होते की धाकटा येतो आहे. तो आमच्या आधी येऊन पाटावर बसला होता, हातात दर्भाचे पवित्रक घालून. गुरुजींनी विचारले, ‘‘कर्ता कोण?’’ दादाने आमच्याकडे पाहिले. आम्ही मागे बसलो. तीन पिंड ठेवले गेले. खरोखरच अर्ध्या तासात आटोपले.

वाड्याचे अजून काही ठरलेले नाही. दादाला तो राखायचाच आहे, धाकट्याला द्यायचाच आहे आणि माझेही मत बदललेले नाही. पण परत येताना पायऱ्या चढता चढता दादाने विचारले, ‘‘यंदाची घरपट्टी कोण भरतंय?’’

‘‘मी भरतो,’’ धाकटा म्हणाला.

व्याजाचे कोणी विचारले नाही.